टेंडरमधलं पाणी

मला भित्रा म्हणणारे शेडमध्ये पुष्कळ होते. पण गाडीभर माणसांसमोर तोंडावर भित्रा म्हणणारा एकच निघाला, आणि तो रेल्वेतला नव्हता. सहकारी संस्थेचा चेअरमन होता. मी ते विसरलेलो नाही. त्या दिवशी मी भ्यालो होतो हे खरं आहे. कशाला भ्यालो होतो हे मात्र चौकशीतसुद्धा कुणी नीट विचारलं नाही.

मी पाटोद्याकडचा. वडील दुसऱ्यांची मेंढरं राखायचे. परळीच्या शेडमध्ये मी आधी इंजिनं पुसली, मग कोळसा फोडला, मग फायरमन झालो आणि पुढे ड्रायव्हर. यातली एकही पायरी मला कुणी बोलावून दिली नाही. प्रत्येक वेळी भांडलो, घासाघीस केली, साहेबाच्या दारात बसून राहिलो, तेव्हा मिळाली. मोठ्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात असाच फोरमनशी भांडलो आणि त्यानं मला घाटाच्या गाड्यांवरून काढून शंटिंगला लावलं. दोन महिने मी यार्डात डबे इकडून तिकडे ढकलत होतो.

एका सकाळी त्यानंच बोलावलं.

"सहल स्पेशल जाणार आहे. कारखान्याच्या सभासदांची. ड्रायव्हर बाहेरच्या शेडचा आहे, त्याची या रस्त्याची सही नाही. तू पायलट म्हणून जा."

पायलट म्हणजे काय ते सांगायला हवं. वाफेच्या दिवसांत नियम असा होता की ड्रायव्हर कितीही जुना असो, जो रस्ता त्यानं शिकलेला नाही त्या रस्त्यावर त्यानं एकट्यानं गाडी न्यायची नाही. आधी जाणत्या ड्रायव्हरबरोबर ठरलेल्या फेऱ्या करायच्या. चढ कुठं सुरू होतो, वळण कुठं आहे, सिग्नल कुठल्या झाडाआडून दिसतो, पाणी कुठं मिळतं, सगळं डोक्यात बसवायचं आणि मग सही करायची की हा रस्ता मला येतो. तीन महिने त्या रस्त्यावर गेला नाही तर सही बाद. सही नसलेल्या ड्रायव्हरच्या शेजारी सही असलेला माणूस उभा करायचा, तो पायलट. त्यानं रस्ता सांगायचा. इंजिनाला हात लावायचा नाही.

माझी सही बाद व्हायला अजून महिना होता. फोरमनला हे माहीत होतं. मलाही माहीत होतं की त्या दिवशी घाटाची सही असलेला मोकळा माणूस त्याच्याकडे दुसरा नाही.

"जातो," मी म्हणालो. "पण परत आल्यावर शंटिंगला न्हाई जायाचो."

"ते बघू नंतर."

"नंतर न्हाई. आत्ता बोला."

त्यानं शिवी दिली आणि मान हलवली. मला तेवढं पुरे होतं.

गाडी आमच्याच तालुक्यातल्या शेतकऱ्यांची होती. सहकारी साखर कारखाना काढायचा म्हणून त्यांनी शेअर घेतले होते आणि नेमका त्याच वर्षी उसाचं टिपरूही शेतात उरलं नव्हतं. लोक कुरकुरायला लागले होते. त्यांचा धीर टिकावा म्हणून चेअरमननं पलीकडच्या जिल्ह्यातला चालू कारखाना दाखवायला ही सहल काढली होती. इंजिनाला आंब्याचे डहाळे बांधले होते. त्या उन्हाळ्यात हिरवी डहाळी कुठून आणली होती कोण जाणे.

ड्रायव्हर सपाट मुलखातला होता. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, भरघोस मिशा, हात अगदी शांत. मी चढताच त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"पायलटसाहेब, तिकडं कोपऱ्यात उभे राहा. रस्ता तुमचा, इंजिन माझं."

"बरं उस्ताद," मी म्हणालो.

मला राग आला, पण नियमानं तो बरोबर होता.

परळी सोडली की लगेच घाट लागतो. बालाघाटाच्या डोंगरात रूळ वळणं घेत चढतो, आणि मधे एक लहानसं स्टेशन आहे. तिथे वरून येणाऱ्या मालगाडीसाठी आम्हाला थांबवलं. मालगाडीचा पत्ता नव्हता. मी खाली उतरून मास्तरकडे गेलो, कारण मला एकच गोष्ट विचारायची होती. दोन महिन्यांत घाटावर काय काय बदललं असेल याची मला धास्ती होती.

"वरच्या स्टेशनात नळाला पाणी आहे का?"

मास्तर म्हणाला, "सकाळपासनं न्हाई. विहीर आटली. आता पाणी थेट नदीकाठच्या स्टेशनात."

माझा जीव तिथेच अर्धा झाला. तरीही मी मनात हिशेब केला. परळीहून निघताना टेंडर, म्हणजे इंजिनामागची पाण्याची टाकी, गच्च भरलेलं होतं. जपून नेलं तर माथा ओलांडता येईल, पुढे उतार आहे, नदीपर्यंत जमेल. मालगाडी आली, गेली. मास्तरनं मला पुढच्या रस्त्याचा गोळा दिला. एकेरी रुळावर हा लोखंडी गोळा ड्रायव्हरच्या ताब्यात असल्याशिवाय गाडी हलत नाही. वेताच्या कडीला लावलेल्या कातडी पिशवीत तो असतो. कडी खांद्यावर अडकवून मी इंजिनाकडे वळलो आणि जागीच थांबलो.

टेंडरच्या नळाखाली बायांची रांग लागली होती. घागरी, हंडे, डालड्याचे डबे. रांगेच्या टोकाला दोन बैलगाड्या, त्यांवर टिपाडं. त्या भागात इंजिन थांबलं की बाया पाण्याला यायच्या आणि आम्ही चार-दोन घागरी द्यायचो. ती आमची रीतच होती. पण इथे नळाशी खुद्द चेअरमन उभा होता. पांढरा सदरा कोपरापर्यंत सारलेला. तो एकेक घागर स्वतःच्या हातानं भरून देत होता आणि डब्यांच्या खिडक्यांतून सभासद बघत होते.

"घ्या, मायबाई, घ्या! आपला कारखाना झाला की असाच पाट वाहणार हाय!"

मी धावत जाऊन नळ बंद केला.

"कावून बंद केलं?" चेअरमन म्हणाला.

मी टेंडरवर चढलो, झाकण उघडलं आणि कोळशाचा लांब गज आत सोडला. गज वर काढला तेव्हा त्याचं टोकच ओलं होतं. निम्मं पाणी इथवरच्या चढानंच खाल्लं होतं आणि आता टिपाडं काठोकाठ भरली होती, मालगाडी येईपर्यंत बायांना भरपूर वेळ मिळाला होता.

मी खाली येऊन ड्रायव्हरला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "चेअरमन म्हणाला, वर पाणीच पाणी आहे. आणि काच बघा की, भरलेली आहे."

इंजिनात ड्रायव्हरच्या समोर एक काचेची नळी असते. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. ती खरंच भरलेली होती. पण गाडी चढावर उभी होती. चढावर इंजिनाचं तोंड वर असतं, पाणी मागे, भट्टीच्या बाजूला सरकतं, आणि काच भरल्यासारखी दिसते. माथा ओलांडला की इंजिनाचं तोंड खाली जातं आणि तेच पाणी पुढे पळतं. मग भट्टीचं छत उघडं पडतं. खाली आग पेटलेली, वर पाणी नाही. छताला शिशाचा बूच असतो, तो वितळतो आणि सगळी वाफ ड्रायव्हर-फायरमनच्या अंगावर येते. बूच वितळला नाही तर त्याहून वाईट, बॉयलरच फुटतो.

मी फायरमन असताना असं एक इंजिन शेडमध्ये ओढून आणलेलं पाहिलं होतं. त्यावरच्या फायरमनला दोघांनी घोंगडीत घालून उतरवलं. तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं होतं. त्याच घाटात, त्याच माथ्यावर झालं होतं ते.

"उस्ताद, या पाण्यानं माथा ओलांडता येणार न्हाई."

"तुम्ही रस्ता सांगा. पाण्याचं मी बघतो."

"माथा म्हंजे रस्ताच की!"

"आवाज खाली. मी तुमच्या जन्माआधीपासून इंजिन चालवतोय."

तेवढं काही खरं नव्हतं. मी खांद्यावरची कडी घट्ट धरली. मागे जाता येत नव्हतं, मागच्या रुळावर मालगाडी उतरत होती आणि ती पोचताच परळीहून दुसरी गाडी सुटणार होती. आग विझवली तर डबेभर माणसं त्या उन्हात पाण्याविना अडकली असती. आणि पुढे गेलो तर तो माथा होता. मला दुसरं काही सुचलं नाही. मी इंजिनावरून उतरलो, फलाटावर मांडी घालून बसलो आणि गोळ्याची पिशवी मांडीवर घेतली.

"मी येत न्हाई. पायलटशिवाय तुमाला जाता येत न्हाई. आन् गोळा हितं हाय."

मग जे व्हायचं ते झालं. गार्ड आला, मास्तर आला, सभासद खाली उतरले. चेअरमन घामानं निथळत समोर उभा राहिला.

"तिकडं लोक हार घेऊन थांबलेत, आन् हा गडी भिऊन खाली बसलाय! भित्रा मानूस. इंजनावर चढायचंच कशाला मग, बे?"

"चढा तुमी," मी म्हणालो. "माझ्या जागंवर उभं ऱ्हावा."

तो चढला नाही.

वाट मला दिसत होती, पण ती तोंडानं बोलायची मला लाज वाटत होती. पाणी होतं. पन्नास पावलांवर होतं, घागरींत आणि टिपाडांत. ज्यांना दिलं त्यांच्याकडून मागायचं होतं.

आधी चेअरमननं मागून बघितलं. बाया अजून स्टेशनाच्या फाटकाशीच होत्या. तो तिकडे जाऊन गोड आवाजात म्हणाला, "मायबाई, जरा अडचन झाली, ते पानी..."

सगळ्यांत पुढे एक उंच बाई होती, रुंद खांद्यांची, डोईवर दोन घागरी. तिनं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"कावून? आता कारखाना आटला का तुमचा?"

बाया हसल्या. डब्यातले सभासदही हसले. चेअरमन परत आला. मग मी उठलो. घासाघीस मला येते, तेवढीच एक विद्या मी लहानपणापासून शिकलो आहे.

"मावशी, लेकरांपुरती एकेक घागर ठेवा. बाकीचं द्या. उद्या परतीला याच इंजिनावर येतो. जेवढं दिलं त्याच्या दीडपट घ्या."

"तिप्पट."

"तिप्पट टेंडरात मावत न्हाई. दुप्पट."

"दुप्पट, आन् राखंतले अर्धे जळालेले कोळसे बी. चुलीला."

"दिले."

तिनं माझ्या मांडीवरून हातात आलेल्या पिशवीकडे बघितलं, मग इंजिनाकडे.

"आन् शबुद कुनाचा? तुजा? तुला तर इंजनाला हात लावू देत न्हाईत. मगाधरनं बघतीया, तू खाली बसलायस."

ती खरं बोलत होती.

"मग असं करा," ती म्हणाली आणि हनुवटीनं चेअरमनकडे दाखवलं. "ह्यो सदऱ्याचा मानूस हितं ठिवून जा. उद्या पानी आना, मानूस घेऊन जा."

"मी?" चेअरमन ओरडला. "अहो, सभा हाय माझी! भाषण हाय!"

डब्याच्या दारातून कुणीतरी सभासद बोलला, "ऱ्हावा की, चेअरमनसाब! सहकारात म्होरक्यानं आधी पुढं व्हायचं, कालच सांगितलं ना तुमी!"

"भाषन आमी ऐकू हितं," उंच बाई म्हणाली. "भाकर बी घालू. पानी मात्र मोजून."

मी परत फलाटावर बसलो आणि गोळा मांडीवर घेतला. ऊन वाढत होतं. थोड्या वेळानं चेअरमननं आपली पिशवी डब्यातून मागवली.

पाणी परत टेंडरमध्ये चढवायला सभासदांची साखळी लावली. पांढरी धोतरं, इस्त्रीचे सदरे, हातोहात घागरी. सांडू नये म्हणून जो तो घागरीला पोटाशी धरत होता, अंगावर उडालेलं पाणीही कुणी झटकलं नाही. गाड्या टेंडरला भिडवून टिपाडं डब्याडब्यानं उपसली. ड्रायव्हर मिशीवर हात ठेवून बघत होता. शेवटची घागर वर गेल्यावर मी पुन्हा गज सोडला. पुरेल की नाही, सांगता येत नव्हतं. पुरावं, एवढंच.

मी कोपऱ्यातल्या जागेवर उभा राहिलो. गाडी निघाली.

खरी भीती तेव्हा सुरू झाली. खाली बसलो होतो तोवर रागानं धीर दिला होता. आता बोलायचंच काही उरलं नव्हतं. त्या घाटाचा माथा फसवा आहे. आधी एक सपाट पट्टा लागतो, नव्या माणसाला वाटतं संपला चढ. मग पुन्हा चढ, मग खडक फोडून काढलेली खिंड, आणि खिंडीच्या तोंडाशी एक मोठा कडुलिंब. लिंब दिसला की बॉयलर भरायला घ्यायचा. आधी भरलं तर वाफ पडते आणि गाडी चढावरच दम सोडते. उशीर केला तर पाणी आत पोचायच्या आत माथा येतो. सगळी गोष्ट त्या लिंबावर होती.

सपाट पट्टा आला. "हा न्हाई, उस्ताद," मी म्हणालो. त्यानं मान हलवली. पुन्हा चढ लागला. इंजिन धापा टाकत होतं. मी बाहेर डोकं काढून बघत होतो. खडक दिसले, बाभळी दिसल्या. लिंब दिसेना.

लिंब नव्हताच. चाऱ्यासाठी मेंढरंवाल्यांनी तो वरपासून खालपर्यंत छाटून नेला होता. माझ्या वडिलांनीही तेच केलं असतं. दोन महिन्यांपूर्वी ज्याची सावली रुळावर पडायची, तिथे आता काय उभं असेल ते मला ओळखता येईना. ही खिंड तीच की अलीकडची? सही माझी होती आणि मला रस्ता ओळखू येत नव्हता.

"पायलटसाहेब?" ड्रायव्हर म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात फरक पडला होता.

"लिंब तोडलाय," मी म्हणालो. "खूण गेली माझी."

त्यानं शिवी दिली नाही. डोळे मिटल्यासारखे केले आणि वाफ कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरच्या दांड्यावर हात नुसता ठेवला. "ओढ कमी होतेय," तो म्हणाला. "बघ, हलकी होतेय."

त्याच वेळी मला रुळाकडेला एक उघडा बुंधा दिसला, हातापायाविना उभा असल्यासारखा. "हाच! भरा, उस्ताद, भरा!"

त्यानं बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे दोन्ही इंजेक्टर एकदम सोडले. पाणी बॉयलरमध्ये घुसल्याचा घोगरा आवाज आला. वाफेचा काटा उतरू लागला. फायरमन फावडं धरून माझ्याकडे बघत होता, मी काचेकडे. खिंड आली. इंजिनानं तोंड खाली केलं आणि काचेतलं पाणी पडलं. पडतच गेलं. खालच्या पितळी कडीपर्यंत आलं. नवा माणूस असता तर उतार लागला म्हणून त्यानं रेग्युलेटर धाडकन बंद केला असता, आणि पाणी आणखी बसलं असतं. उस्तादानं तो केसभर उघडा ठेवला. एवढं त्याचं मान्य करायला हवं. पाणी कडीशी थरथरत राहिलं, मग बोटभर वर आलं, मग आणखी.

"आलं," फायरमन म्हणाला आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी परतताना नदीकाठच्या स्टेशनात टेंडर सांडेपर्यंत भरलं. मी काही बोलायच्या आधी उस्तादानंच भरलं. मधल्या स्टेशनात बाया आधीच येऊन बसल्या होत्या. चेअरमन झाडाखाली बाजेवर होता, सदरा चुरगळलेला. दुप्पट पाणी दिलं, कोळसे दिले. उंच बाईनं ओंजळभर पिऊन बघितलं आणि चेअरमनला म्हणाली, "उठा आता. सुटला तुमी." तो माझ्याकडे न बघता डब्यात चढला.

त्यानं तक्रार केली. पायलटनं गोळा अडवून स्पेशल रोखली, संस्थेची बेअब्रू केली. चौकशीत उस्तादाला विचारलं तर तो म्हणाला, "काच भरलेली होती. रस्ता पायलटचा, इंजिन माझं." यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते जास्त लागलं. टेंडर त्याच्या ताब्यात असताना रिकामं झालं हे त्याला झाकायचं होतं, मला कळत होतं. इन्स्पेक्टरच्या जागेसाठी माझा नंबर होता, ती माझ्याहून नंतर आलेल्याला मिळाली. शंटिंग तेवढं सुटलं, कारण ते मी आधीच ठरवून घेतलं होतं.

पाऊस पडून गेल्यावर उस्तादाची आमच्या शेडला बदली झाली. घाटाच्या सहीसाठी त्याला शिकवणीच्या फेऱ्या करायच्या होत्या, आणि फोरमननं मुद्दाम माझंच नाव दिलं. आम्ही इंजिनावर एकमेकांशी बोलत नसू. शेवटच्या फेरीला सपाट पट्टा गेला, पुन्हा चढ लागला. मी मुद्दाम गप्प राहिलो. त्या बुंध्याच्या अलीकडेच त्यानं इंजेक्टरच्या मुठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"इथनं?" त्यानं विचारलं.

"हितनंच."

काच भरलेली होती, टेंडर भरलेलं होतं, चूक काही होण्यासारखी नव्हती. तरी इंजिनानं तोंड खाली केलं तेव्हा माझा हात आपोआप पाठीमागच्या धरायच्या दांडीला गेला. तिकडं बघितलं, तर त्याचाही त्याच्या बाजूच्या दांडीवरच होता. परळीला उतरल्यावर, त्याला हा रस्ता येतो अशी मी त्याच्या कागदावर सही दिली.